दहा पेट्यांची बाई

वफऱ्याच्या मळ्यावर त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मधमाश्या मेल्या, त्या माझ्या हलगर्जीने. भोगलं मात्र सुआझाराने. यातलं दुसरं मी आजवर फक्त बिल्कीसला कबूल केलं आहे, आणि तिला ते आधीच ठाऊक होतं.

मी जाफर, हर्णैचा. बंदरावर मासळीच्या लिलावात बोली पुकारायचं काम मी बारा वर्षं केलं. कालची सुरमई आजची वाटली पाहिजे, बारकं पापलेट हातभर दिसलं पाहिजे, हे सगळं नुसत्या तोंडाने करायचं. माझा आवाज ऐकून दापोलीचे व्यापारी टोपलीत न डोकावता बोटं वर करायचे. कुवेतला आलो तेव्हा बोली सुटली, तोंड तेच राहिलं. माझी बायको बिल्कीस म्हणते, तुमच्या जिभेला रजा म्हणून नाही.

आम्ही नवराबायको दोघंही एकाच कफिलाच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या अरबी मालकाच्या, व्हिसावर. मळा मी सांभाळायचा, स्वयंपाक तिने करायचा, आणि आमची पोर निदा हर्णैला माझ्या बहिणीकडे. कफील अबू तलाल तिकडे शहरात, रुमैथियाला राहायचा. माणूस वाईट नव्हता. दर शुक्रवारी लेकरंबाळं घेऊन मळ्यावर यायचा, खजुरीखाली गालिचा टाकून बसायचा, संध्याकाळी काकडी-टोमॅटोच्या पेट्या गाडीत भरून निघून जायचा. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या कपाटात.

मळा म्हणजे आपल्याकडचा मळा नव्हे. वफरा कुवेतच्या दक्षिण टोकाला, पुढे सौदीची हद्द. जिकडे बघाल तिकडे रेती, विहिरीचं पाणी खारट. त्या रेतीवर प्लास्टिकची दहा लांबलचक घरं. एका टोकाला पाण्याने भिजणारे पुठ्ठे, दुसऱ्या टोकाला माणसाएवढे पंखे. पंखे गरगरत राहिले तर आत झाड जगतं. त्या हंगामात आम्ही कूसा लावला होता. कूसा म्हणजे वीतभर लांबीचा, फिक्या हिरव्या रंगाचा भोपळाच. अरबी लोक पोखरून त्यात भात-खिमा भरतात. त्याला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. माशी ये-जा करील तर फळ धरतं, नाहीतर मादी फुलामागचं बोटभर पिल्लू पिवळं पडून सडतं. म्हणून दर घरात एक अशा दहा पेट्या मधमाश्या परदेशातून मागवलेल्या.

त्या मंगळवारी मी वॉल्व्ह आणायला फरवानियाला गेलो. जनरेटरमध्ये डिझेल घालायचं सकाळीच ठरवलं होतं, ते राहून गेलं. दुकानात एक दापोलीचा माणूस भेटला, त्याच्याशी गप्पा मारत बसलो. दुपारी मळ्यावरची लाइट गेली. जनरेटर दोन मिनिटं गुरगुरला आणि थांबला. बाहेर पंचेचाळीस, आत किती असेल देव जाणे. मी तीनला परतलो तेव्हा घरात शिरताच तोंडावर भट्टी उघडल्यासारखं झालं. झाडांनी माना टाकल्या होत्या. झाडं पाणी पिऊन संध्याकाळपर्यंत उठली. पेट्या मात्र उठल्या नाहीत. एकेका पेटीला कान लावत मी दहाही घरं फिरलो. कुठेच आवाज नव्हता.

"नव्या पेट्या यायला महिना," व्यापारी फोनवर म्हणाला. शुक्रवारी अबू तलाल येणार होता. माझी तंतरली.

बुधवारी पहाटे मी पहिल्या घरात गेलो तर सुआझारा आधीच आत होती, ओळीत वाकलेली. तिने नर फुलं खुडून ओच्यात घेतली होती. एकेक फूल उचलायची, पाकळ्या सोलून टाकायची, आतला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवायची. एका फुलाला एक श्वास लागत असेल. तिच्या बोटांकडे बघत मी तसाच उभा राहिलो.

"माशी मर गया," ती म्हणाली. "कूसा रोता है, जाफरभाय."

सुआझारा माडागास्करची. अबू तलालच्या घरी कामाला होती, तिथं कामवाल्या जास्त झाल्या म्हणून उन्हाळ्याआधी तिला मळ्यावर धाडलं. सगळे तिला सारा म्हणायचे, मीही. पहिल्याच दिवशी बिल्कीसने तिला खरं नाव विचारलं, चार वेळा म्हणून बघितलं आणि तेव्हापासून तेच वापरलं. दोघी एका चुलीवर रांधायच्या. आपल्यासारखीच ती भातखाऊ; त्यांच्या देशात तिन्ही वेळा भातच. भांड्याला लागलेली करप ती खरवडायची नाही. त्यातच पाणी ओतून उकळायची आणि ते तांबूस पाणी चहासारखं प्यायची. बिल्कीस तिला आपली पेज द्यायची, ती बिल्कीसला ते पाणी द्यायची.

तिचा देश म्हणजे आफ्रिकेशेजारचं भलंमोठं बेट. वादळं येतात, माती लालभडक, रस्ते पावसात वाहून जातात. तिचं गाव रस्ता संपल्यावर अर्धा दिवस चालून, मग होडीने. खाली भातखाचरं आणि वर उतारावर व्हॅनिलाचे वेल. सगळ्या जगाच्या आइस्क्रीममध्ये जातो तो व्हॅनिला. मी एकदा विचारलं, तुम्ही त्याचं काय करता?

"हम? कुछ नहीं. बेचता है. हमारे गाँव में कोई नहीं खाता."

मला आमचा हापूस आठवला. चांगलं फळ पेटीत, डागी फळ पोरांना.

त्या वेलाचं फूल एकच सकाळ उमलतं. दुपारी कोमेजलं की गेलं. त्याला तिकडे माशीसुद्धा शिवत नाही, माणसानेच प्रत्येक फुलात लिंबाच्या झाडाचा काटा घालून आतला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने दाबायचं. सहा वर्षांची असल्यापासून ती ते करत आली होती, पण दुसऱ्यांच्या वेलांवर, मजुरीने. स्वतःचे वेल तिने आणि तिच्या आईने इथं यायच्या जरा आधी लावले. वेल तिसऱ्या वर्षी फुलतो. तिने दोन वर्षांचा करार केला, तो दहा ऑक्टोबरला संपत होता. फुलं ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू व्हायची. तिने सगळं बोटांवर धरून ठेवलं होतं. तिच्या आईचे, नेनीचे, डोळे विझत चालले होते. डॉक्टरने सांगितलं होतं की नजर परतायची नाही, आहे तेवढी वर्षाअखेरपर्यंत. गावात त्या दिवसांत मजूर मिळत नाही, कारण सगळ्यांचेच वेल एकदम फुलतात.

"नेनी को पहला फूल देखना है," ती बिल्कीसला सांगायची. "आँख से."

पिकाची राखणही अवघड. चोर हिरव्या शेंगाच तोडून नेतात. म्हणून प्रत्येक घर आपल्या शेंगांवर टाचण्यांनी टोचून खूण करतं. शेंग वाढते तशी खूण वाढते, वाळली तरी जात नाही. सुआझाराने इथंच बिल्कीसकडून टाचण्या घेऊन, जुन्या चपलेच्या रबराच्या तुकड्यात खोचून, आपल्या घरचा शिक्का बनवला होता: एक उभी रेघ, शेजारी दोन ठिपके. तो ती आम्हाला कितीदा दाखवायची. बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता.

तर ही बाई बुधवारपासून रोज पहाटे पाचला कुसाच्या घरांत शिरायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. फुलं वाया जाताना तिला बघवत नव्हतं, एवढंच. त्या शुक्रवारी माझ्या नशिबाने अबू तलाल आला नाही, लग्नाला गेला होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत दहाही घरांत फळ धरलं होतं. असं भरगच्च की पानाखाली हात घालावा तिथं कूसा.

तो आला. पहिल्या घरात शिरला आणि थबकला.

"आवाज नाही, जाफर. माश्या कुठं आहेत?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. डिझेल राहिलं, माझी चूक झाली, एवढंच. चार शिव्या खाल्ल्या असत्या. पण माझ्या डोळ्यांपुढे माझं तिकीट आलं, बिल्कीसचं आलं, निदाची शाळा आली. आणि लिलावात जे करतो तेच मी केलं. नासकी टोपली मागे सारली आणि चांगली पुढे ओढली.

"पेट्या गरमीने गेल्या, बाबा," मी म्हटलं. "पण जाऊ द्या हो पेट्या. ही सारा बघा. दहा पेट्यांच्या बरोबरीची आहे. तिचे हात बघा. एक फूल चुकत नाही. माशी सकाळी येते, कंटाळते, निघून जाते. ही कंटाळत नाही. असं फळ धरलेलं तुम्ही वफऱ्यात दुसरीकडे दाखवा."

मला वाटत होतं मी तिचंही भलं करतोय. खूश झाला तर तिकिटाबरोबर बक्षीस देईल. अबू तलालने वाकून पानं बाजूला केली, बघितलं आणि हसला. तिच्या हातात खजुरांचा डबा दिला. मग म्हणाला, "मग मी पेट्या घेऊ कशाला? ही आहे ना."

"तिचं दहा तारखेचं तिकीट आहे, बाबा."

"हंगाम होऊ दे. नव्या वर्षात बघू."

सुआझाराला अरबी समजायचं. ती डबा धरून उभी राहिली. "बाबा, करार खलास," ती हळूच म्हणाली. "घर. फूल."

"इन्शाल्ला, सारा," तो मायेने म्हणाला आणि लेकरांना हाका मारत बाहेर गेला.

त्या संध्याकाळी बिल्कीसने माझ्यापुढे ताट ठेवलं ते आदळलंच. मी विचारलं, काय झालं?

"मना काय इचारताव? तुमी तिचा लिलाव केलात आज."

"मी तारीफ केली बाई तिची."

"तांच म्हणतंय मी. लिलावात तारीफच करतात."

सोमवारी आणि बुधवारी मी अबू तलालला फोन केला. तिची आई आजारी आहे म्हटलं, करार संपलाय म्हटलं. तो चिडला नाही. "जाफर," तो म्हणाला, "तूच म्हणालास ना, दहा पेट्या?" मग मी डिझेलचंही सांगून टाकलं. त्यावर म्हणाला, झालं गेलं, आता काम चांगलं चाललंय ना?

दहा ऑक्टोबर आला आणि गेला. तिची बॅग भरलेलीच भिंतीला टेकून होती. रोज त्यातून कपडे काढायची, धुवून पुन्हा त्यातच ठेवायची.

ती कामात कसूर करील असं मला वाटलं होतं. मला तर ते हवंच होतं, माझा जीव जरा हलका झाला असता. पण तिच्या हातांना वाईट काम येतच नव्हतं. पहाटे ओच्यात नर फुलं, कंबरेत वाकलेली, दहापर्यंत दहा घरं. कुसाच्या पानांना बारीक काटे असतात. तिचे दंड कोपरापर्यंत ओरखडून लाल झाले. बिल्कीस रात्री खोबरेल लावून द्यायची. दुपारी एकदा मी बघितलं, ती मळ्यावरच्या शेळ्यांच्या कुंपणाशी बसून रिकाम्या हवेत बोटं हलवत होती. डाव्या हातात नसलेलं फूल, उजव्यात नसलेला काटा, मग अंगठा दाबायचा. मला तिथं उभं राहवलं नाही.

नेनीचा फोन यायचा तो टेकडी चढून, तिथंच रेंज होती. ऑक्टोबरच्या वीस-बावीसला टेकडीवरच्याच वेलाजवळून व्हिडिओ कॉल आला, तिकडे फोन कुणीतरी धरला होता. वेलाचा गुच्छ, त्यात एक हिरवट-पिवळं फूल. त्यामागे सुरकुतलेला चेहरा फुलाला इतका जवळ की नाक टेकेल. सुआझारा मोबाइल दोन्ही हातांत धरून मोठमोठ्याने सांगत होती: डावीकडे, पडदा वर, हळू. तिच्या भाषेतलं एक अक्षर मला कळत नव्हतं, तरी सगळं कळत होतं. म्हातारीने काटा घातला. फूल फाटलं.

दुसरं फाटलं. तिसरं हातातून पडलं. म्हातारी हसायला लागली आणि इकडे सुआझाराही हसली, आणि मग मोबाइल ठेवून तिने तोंडात ओढणीचं टोक कोंबलं. बिल्कीस तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

नंतरचे फोन छोटे होत गेले. शेजारची मुलगी एक सकाळ येऊन गेली. पाऊस आला. खाली फुलांचा सडा पडतो, पाय ठेवायला जागा नाही. नोव्हेंबरच्या अखेरीला म्हातारीने सांगितलं की आता सफेदसुद्धा दिसत नाही, आणि आता फोन करायला टेकडीवर कुणाला तरी धरून यावं लागतं.

त्याच आठवड्यात सातव्या घरात तोडणी करताना माझ्या हाताला एक कूसा लागला. त्याच्या फिक्या सालीवर बारीक तपकिरी ठिपके. मला वाटलं रोग आला. दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांवर सारखेच: एक उभी रेघ, शेजारी दोन ठिपके. लहान पिल्लांवर खूण बारीक होती, वाढलेल्यांवर रुंद होऊन तिला खपली धरली होती. ओळच्या ओळ. मी शेवटपर्यंत चालत गेलो. एकही फळ तिने सोडलं नव्हतं.

मी मांडी घालून रेतीत बसलो. सांगायला लाज वाटते, मी रडलो.

ती पलीकडच्या ओळीत होती. तिने मला बघितलं, मी तिला. मग ती पुन्हा ओळीत वाकली. त्या दिवसापासून मी खुणेचा कूसा पेटीत तळाला घालू लागलो आणि वर चांगला. ते मला लिलावापासून येतच होतं. पण दोन आठवड्यांत पेटीत वर घालायला चांगला उरला नाही आणि बाजारातून माल परत आला.

डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी अबू तलाल आला तो लेकरं न घेता, पुतण्याला घेऊन. हातात एकच कूसा, त्यावरची खूण खपलीने माखलेली.

"हे काय आहे?"

सुआझारा नळाशी बादली भरत होती. तिने नळ बंद केला. ती सांगणार होती, मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मान वर करून सांगणार होती की हे मी केलं, हे माझं आहे. आणि सांगितलं असतं तर सरळ पोलीस ठाणं.

तिच्या आधी मी बोललो.

"हिच्याच कामाचं फळ आहे, बाबा. मी फसलो. हिचा हात जड आहे. नखं लागतात, फळ डागी होतं. सुरुवातीला बरी वाटली, पण आळशी आहे, घाई करते. ही मळ्यावर असली तर पुढची तोडही जाईल. माश्याच बऱ्या." मी थांबलो नाही. बारा वर्षं मी माल चढवायचं काम केलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा पाडून बोललो, आणि तेही मला छान जमलं. "हिला ठेवून काय करायचं? तिकीट द्या, जाऊ दे."

अबू तलालने तिच्याकडे बघितलं. रागापेक्षा वैताग जास्त होता. "मी हिला खजूर दिले होते," तो म्हणाला. मग पुतण्याकडे वळून पेट्यांची ऑर्डर द्यायला आणि हिचे कागद करायला सांगितलं.

सुआझारा माझ्याकडे बघत होती. खुणेचं खपून गेलं, घरी जायला मिळणार, यातलं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ती वाकून बादली उचलून शेळ्यांकडे गेली.

कागद व्हायला तीन आठवडे लागले, आणि जायच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बिल्कीस म्हणाली, "मी सांगू काय तिना, तुमी मुद्दाम बोललात?"

"सांग."

बिल्कीसने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. विश्वास बसला की नाही ते बिल्कीसलाही कळलं नाही.

विमानतळावर तिला पोचवायला मी गाडी घेऊन गेलो. पुतण्या तिचा पासपोर्ट हातात घेऊन आमच्या बरोबर होता. आत जायच्या दाराशी त्याने तो दिला, आणि ती बॅग ओढत चार पावलं गेली. मग बॅग तिथंच ठेवून परत आली. माझ्यासमोर उभी राहिली. ओरखड्यांचे दोन्ही हात तिने माझ्यापुढे धरले, तळवे वर करून.

"जाफरभाय," ती म्हणाली. "मेरा हाथ भारी नहीं है."

पुतण्याला हिंदी चांगली येते. तो आमच्याकडेच बघत होता. मी बोललो असतो तर सगळंच उघडं पडलं असतं; तिला तिथल्या तिथं अडवलं असतं, मलाही. हर्णैच्या बंदरावर शंभर माणसांच्या गलक्यात ज्याचा आवाज ऐकू जायचा तो मी, खाली बघत उभा राहिलो. तिने थोडा वेळ वाट बघितली. मग हात खाली घेतले आणि गेली.

पुढच्या आठवड्यात नव्या पेट्या आल्या. घरांत पुन्हा गुणगुण सुरू झाली, फळ बेताचंच धरलं. सातव्या घराच्या दाराशी एक कूसा मी तोडला नव्हता. तो वाढत वाढत माझ्या हाताएवढा झाला, साल दगडासारखी, आणि त्यावरची रेघ आणि दोन ठिपके बोटाच्या पेराएवढे रुंद. बिल्कीसने एकदा विचारलं, हा काढायचा नाही का? मी म्हटलं, राहू दे, तो आपला नाही.